‘आता सोडून काय उपयोग?’



वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्याला सकाळी खोकल्याची उबळ येते, जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात दमा आहे, तो म्हणतो वय झाले. तपासणीत पुष्कळदा सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार निघतो. यात श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात. हे नुकसान भरून येत नाही. मग रुग्ण म्हणतो, “फुप्फुसे गेलीच, आता सोडून काय उपयोग?” हा युक्तिवाद तपासून पाहू या.

यात धरून चालले आहे की जे व्हायचे ते होऊन गेले. वस्तुस्थिती वेगळी आहे. सारखेच धूम्रपान करणाऱ्या दोघांपैकी ज्याला सीओपीडी आहे, त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. धूर पेशींतील जनुकांना इजा करतो. सततच्या सुजेमुळे पेशींची पुन्हा पुन्हा दुरुस्ती होते आणि तीत चुका साठत जातात.

अमेरिका व कॅनडात १९८६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. श्वासनलिका अरुंद होऊ लागलेले ५,८८७ मध्यमवयीन धूम्रपान करणारे त्यात होते. सुमारे साडेचौदा वर्षांत ७३१ जण मरण पावले. त्यांपैकी ३३ टक्के फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले; श्वसनाच्या इतर आजारांनी गेलेले आठ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे ज्या धापेची भीती वाटत होती, तिच्यापेक्षा कर्करोगानेच जास्त माणसे नेली.

याच अभ्यासात एका गटाला धूम्रपान सोडण्यासाठी समुपदेशन आणि निकोटीनचे च्युइंगगम दिले होते. पाच वर्षांनंतर त्यांपैकी जेमतेम २२ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. तरीही त्या संपूर्ण गटात मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत (२००४) आढळले की पन्नाशीत सोडणाऱ्याचे सुमारे ६ आणि साठीत सोडणाऱ्याचेही सुमारे ३ वर्षे आयुष्य वाढते.

म्हणून:

१. धूम्रपान करणाऱ्याला जुना खोकला किंवा धाप असेल, तर स्पायरोमेट्री ही फुंकण्याची तपासणी करून घ्यावी.

२. खोकल्याची तऱ्हा बदलली, थुंकीतून रक्त आले, आवाज बसला, वजन घटले, तर ‘नेहमीचाच खोकला’ म्हणून थांबू नये. एक्स-रेमध्ये छोटी गाठ सुटू शकते. सीटी स्कॅनची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

३. सवय सुटत नसेल तर मदत घ्यावी. सरकारची १८००-११-२३५६ ही सेवा विनामूल्य आहे.

४. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. पुष्कळांना दोन-चार प्रयत्नांनंतरच यश येते.

गेलेला श्वास परत येणार नाही, हे खरे. पण उरलेला राखता येतो, आणि त्याहून मोठे संकट टाळण्याची शक्यता वाढते. उपयोग आहे, तो एवढा आहे.