भार तसा पंखा : यांत्रिक होडीविषयीं एक पाठ



लांकडांत स्क्रू पिळतांना तुम्ही पाहिलेंच असेल. पिळणारा मनुष्य स्क्रूस केवळ फिरवीत असतो. परंतु प्रत्येक फेऱ्याबरोबर तो एका आट्याइतका आंत शिरतो. यांत्रिक होडीच्या मागें पाण्यांत बुडालेला जो पंखा असतो, त्याचें कार्यही याच तत्त्वावर चालतें. भेद एवढाच कीं, लांकूड जागचें हलत नाहीं आणि पाणी मागें सरतें.

हा विषय समुद्रकांठच्या मुलांचा आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें, तेव्हां घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांस अशाच होड्यांनीं बाहेर काढलें. इकडे सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली व तापोळा येथें होडी ही नित्याचीच गोष्ट आहे. तेव्हां पंख्याची निवड हा आपल्याही लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पंख्यावर बहुधा दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा व दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पाणी लांकडासारखें घट्ट असतें तर एका फेऱ्यांत पंखा जितका पुढें गेला असता, तें अंतर म्हणजे पिच. आतां गणित करूं. इंजिन मिनिटास ५५०० फेरे घेतें व आंतील दंतचक्रांमुळें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २७५० फेरे घेतो, असें समजा. पिच १२ इंच, म्हणजे बरोबर १ फूट असेल, तर होडी मिनिटास २७५० फूट व तासास १,६५,००० फूट, म्हणजे सुमारें ३१ मैल जावी. परंतु पाणी मागें सरत असल्यामुळें तूट येते. ही घसर शेंकडा २० धरली तर ताशीं २५ मैल उरतात.

मग पिच मोठा घेतला कीं वेग वाढला, असें नव्हे काय? येथेंच पुष्कळ जण फसतात. भरलेली मोटार खंबाटकीचा घाट चढतांना चालक खालचा गिअर टाकतो. वेग कमी होतो, पण ओढ वाढते. होडीच्या इंजिनास वेग बदलण्याचे असे निरनिराळे गिअर नसतात. पंखा हाच त्याचा गिअर. मोठा पिच सपाटीच्या गिअरासारखा, लहान पिच घाटाच्या गिअरासारखा.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मुलें घेऊन एका जलाशयावर गेलों होतों. आदल्या संध्याकाळीं नावाडी एकटाच आला, तेव्हां त्याची होडी बाणासारखी आली. दुसऱ्या दिवशीं परततांना बारा जण बसतांच मागची बाजू दबली, नाक वर झालें व इंजिन कण्हूं लागलें. समोरून वारा सुटला, तेव्हां होडी पुढें सरेना. आम्ही कांठास लागलों तों अंधार पडला होता आणि पालक काळजीनें उभे होते. नावाडी म्हणाला, “गुरुजी, इंजिन आता थकलंय.” परंतु दोष इंजिनाचा नव्हता. पुढें दोन इंच कमी पिचचा पंखा बसवितांच तेंच इंजिन तोच भार सहज ओढूं लागलें.

परीक्षेची रीत सोपी आहे. होडींत नेहमीं नेतों तितकीं माणसें, तेल व सामान भरावें. मोकळ्या, शांत पाण्यांत इंजिन पूर्ण वेगानें चालवावें व फेरे मोजणाऱ्या यंत्राकडे पाहावें. इंजिनाच्या पुस्तिकेंत फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते; उदाहरणार्थ, मिनिटास ५००० ते ६०००. आंकडा तिच्या खालीं राहिला तर पिच कमी करावा, वर गेला तर वाढवावा. एक इंच पिच कमी केल्यानें साधारणतः १५० ते २०० फेरे वाढतात. दोन्हीं बाजूंची अति इंजिनास घातक आहे.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० फुटांवर, तर भरलेला शिवसागर सुमारें २१६० फुटांवर आहे. उंचीवर हवा विरळ होते व दर हजार फुटांस इंजिनाची शक्ति सुमारें शेंकडा ३ नें घटते. म्हणून किनाऱ्यावर योग्य ठरलेला पंखा येथें एखाद्या इंचानें जड पडणें संभवतें.

पुराच्या पाण्याखालीं उंसाचीं शेतें, कुंपणाच्या तारा व झाडें असतात. ॲल्युमिनियमचें पातें आपटल्यास स्वतः वांकतें वा तुटतें आणि बहुधा आंतील चक्रें वांचतात. पोलादी पातें टिकाऊ खरें, पण तें धक्का आंत पोंचवितें. कोणताही पंखा असो, एक जादा पंखा व तो बदलण्याचीं हत्यारें होडींत असावींतच. पाण्यांतील मनुष्यास वर घेतांना इंजिन बंद केलेंच पाहिजे.

शेवटीं, पंख्याकडून अशक्याची अपेक्षा करूं नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें प्रमाणाबाहेर माणसें बसलेली होडी पुरांत उलटून अनेकांचे प्राण गेले. योग्य पंखा ठरलेला भार नीट ओढतो. होडीची बसण्याची मर्यादा तो वाढवीत नाहीं.

पालकांपैकीं कोणावर गांवासाठीं होडी घेण्याचा प्रसंग आला आणि विकणारा “याहून वेगवान पंखा नाहीं” असें सांगूं लागला, तर त्यास एवढेंच विचारावें : “होडी रिकामी असतांना, कीं भरलेली असतांना?”

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वरील उदाहरणांत पिच १० इंच असता आणि फेरे व घसर तींच राहतीं, तर होडीचा वेग किती झाला असता?

२. रिकाम्या होडीवर केलेली परीक्षा फसवी कां ठरते, हें नावाड्याच्या उदाहरणावरून सांगा.