शेवटचा हात जिथे लागला

बेटा, माघ पौर्णिमेला घरची सगळी घेऊन कचारगडच्या जत्रेला निघायचं म्हणून ओम्नीचे प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटरची सफाई, सगळं तू स्वतःच्या हातानं केलंस. चांगलं केलंस. आता गाडी मिसिंग करते म्हणतोस. धनेगावला पायथ्याशी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासूनच्या गाड्या लागतात. त्या गर्दीत बंद पडली तर मेकॅनिकसाठी सालेकशाला माणूस धाडत बसावं लागेल. म्हणून इथे गोंदियात, अंगणातच नीट ऐकून घे.

कामाआधी गाडी बरी चालत होती ना? मग इंजिनाला नवा रोग लागला असं धरू नको. शेवटचा हात जिथे लागला तिथेच आधी बघ. कॉइल, पंप विकत आणायची घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही.

आता कान दे. आयडलला थरथरते आणि रेस दिली की सुधारते, तर इंजिन कुठूनतरी चोरटी हवा ओढतंय. फिल्टरचा डबा काढताना व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी निसटते, नाहीतर टोकाशी चिरते. हातभर पेट्रोल पाइपचा तुकडा घे, एक टोक कानाला लाव, दुसरं जोडांवरून आणि कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवरून फिरव. गळती असेल तिथे सूंऽऽ ऐकू येतं. काहीजण पेट्रोल शिंपडून बघतात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, तापलेलं असतं. तसलं काही करायचं नाही.

उलट आयडलला गोड आणि चढावर झटके देते, तर ठिणगी कमी पडते किंवा पेट्रोल. दरेकशाच्या वाटेवर माझ्या गाडीनं हेच केलं होतं. सपाटीला ठीक चालायची, चढ लागला की धापा टाकायची. जेट दोनदा साफ केले. शेवटी मधला प्लग काढून उन्हात धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ. नवा प्लग बसवताना पाना तिरका झाला होता, तेवढ्यानं तडा गेला होता. म्हणून प्लग थंड इंजिनातच बसव. आधी बोटांनी फिरव, सहज जाईल तेवढा जाऊ दे, मग पाना सरळ धर. गॅप फिलर गेजनं मोज, डोळ्यांनी नाही.

काढलेले प्लग नीट बघ. तपकिरी असेल तो बरा. काळा, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा पडलेला म्हणजे हवा जास्त. पेट्रोलनं ओला निघाला तर तिथे ठिणगीच पडत नाही.

आजारी सिलिंडर असा शोध. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढ. ती लोंबती सोडू नको, जुना प्लग लावून इंजिनाला घट्ट टेकव आणि हात लांब ठेवून सुरू कर. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक नाही, तर तोच आजारी. मग त्याचा प्लग शेजारी घाल. दोष प्लगसोबत गेला तर प्लग खराब, तिथेच राहिला तर वायर किंवा आतलं काम. वायरींवर आधी टेप लावून आकडे लिही. या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-3-2 आहे.

इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. तिथे स्कॅनर लाव. पी0302 दिसलं तर दुसरा सिलिंडर. बॅटरी काढली असेल तर थोडा वेळ आयडल हलतो, तो पुढे आपोआप बसतो. तुझ्या बाबांच्या डिझेल जीपचा फिल्टर बदलल्यावर धडधड झाली तर लाइनमध्ये हवा राहिली समज. हातपंपानं ती काढ, पण कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनात कधी ढिला करू नको. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा आतून ठकठक ऐकू आली, तर मात्र लगेच बंद कर. ती गाडी ओढूनच न्यायची.

सगळं जुळलं की जत्रेच्या दोन दिवस आधी आमगावपर्यंत जाऊन ये. रिकाम्या गाडीत नाही, माणसं बसवून. आणि टेपचा रोल, प्लग पाना, एक चांगला प्लग सीटखाली ठेव.