पहिली कोण : दुर्गा की हर्षा?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मी ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी : हर्षा, मुंबई, १९८६’ असं पाठ केलंय. दादा म्हणतो, पहिली मुलगी कोलकात्याची, दुर्गा, १९७८ची. ती आठ वर्षं आधीची असेल तर पुस्तकात तिचं नाव का नाही?
— एक परीक्षार्थी, सातारा

उत्तर : दादाचं बरोबर आहे. दुर्गाचा जन्म ३ ऑक्टोबर १९७८चा. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ला जन्मली, त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी. म्हणजे जगातली दुसरी मुलगी आपल्याकडची. पुस्तकात तिचं नाव का नाही, हे समजण्यासाठी तिला जन्माला घालणाऱ्या डॉक्टरांची हकिकत वाचावी लागेल.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय, इंग्रजी कागदांवर मुखर्जी, यांचा जन्म १९३१ साली हजारीबागचा. कोलकात्यात वैद्यकीचं शिक्षण झालं. प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी एक पीएच.डी. कोलकाता विद्यापीठातून मिळवली आणि संप्रेरकांवरची दुसरी एडिंबरा विद्यापीठातून. १९६७च्या सुमारास ते परत आले आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. पुढचं सगळं काम त्यांनी ही नोकरी सांभाळून, तुटपुंज्या साधनांत केलं. सोबतीला दोघे होते : गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य.

आता त्यांनी नेमकं काय केलं ते बघा, कारण या माणसाचं मोठेपण त्यात आहे. दुर्गाच्या आईच्या गर्भनलिका खराब झाल्या होत्या, त्यामुळे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेटच होत नव्हती. ती भेट शरीराबाहेर, काचेच्या बशीत घडवायची, ही कल्पना इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांचीही होती. पण त्यांची वाट वेगळी होती. औषध देऊन अनेक बीजं पिकवायची, असं त्यांनी आधी करून पाहिलं होतं. गर्भ काही टिकेनात. म्हणून लुईसच्या वेळी त्यांनी औषध सोडलं आणि त्या महिन्यात नैसर्गिकरीत्या पिकलेलं एकच बीज पोटातून दुर्बिणीने काढलं. एक बीज, एक संधी.

मुखर्जींनी औषध सोडलं नाही. संप्रेरकांचा अभ्यास हीच त्यांची मूळ विद्या होती, आणि अडचण कुठे आहे हे त्यांनी ओळखलं होतं. संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी बीजं भरपूर पिकतात, पण त्याच महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भ धरून ठेवण्याच्या स्थितीत नसतं. मग त्याच महिन्यात गर्भ सोडायची घाई का करायची? त्यांनी इंजेक्शनं देऊन बीजं पिकवली, पोट न उघडता योनिमार्गातून लहानसा छेद घेऊन ती काढली, बशीत फलित केली आणि तयार झालेला गर्भ गोठवून ठेवला. तब्बल ५३ दिवस. शरीर पूर्वपदावर आल्यावर पुढच्या एका नैसर्गिक पाळीत तो वितळवून आईच्या गर्भाशयात सोडला. त्यातून दुर्गा जन्मली.

आज आपल्या गावाजवळच्या कुठल्याही आयव्हीएफ केंद्रात चौकशी करा. इंजेक्शनं, योनिमार्गातून बीज काढणं, गर्भ गोठवणं, पुढच्या पाळीत सोडणं, हाच क्रम ऐकायला मिळेल. सोनोग्राफीची सुई आली, गोठवण्याची पद्धत सुधारली, पण वाट तीच. गोठवलेल्या गर्भापासून मूल होण्याची जगाला मान्य असलेली पहिली नोंद मेलबर्नची आहे, १९८४ सालची. मुखर्जींनी हे सहा वर्षं आधी केलं होतं. माझ्या मते ‘जगात दुसरे’ एवढंच म्हणणंसुद्धा त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. गोठवलेल्या गर्भाच्या बाबतीत ते पहिले होते.

मग झालं काय? बातमी वर्तमानपत्रांत आली आणि नोव्हेंबर १९७८मध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष रेडिओभौतिकीचे प्राध्यापक होते. प्रजननशास्त्रात असं काम केलेला कुणी माणूस देशात नव्हता हे खरं, पण म्हणून समजून घेण्याचा प्रयत्नच करू नये? मुलीचे आईवडील समाजाच्या भीतीने पुढे यायला तयार नव्हते, आणि डॉक्टरांनी त्यांचा शब्द राखला. समितीने दावा खोटा ठरवला. जपानमधल्या क्योटोहून आपलं काम मांडण्याचं निमंत्रण आलं, तर सरकारी नोकर म्हणून त्यांना परवानगी मिळाली नाही. शेवटी जून १९८१मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञान संस्थेत. आयुष्यभर गर्भधारणेवर काम केलेल्या माणसाला डोळ्यांच्या संस्थेत पाठवलं. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. वय पन्नास.

तुम्ही दूरदर्शनवर ‘एक डॉक्टर की मौत’ पाहिला असेल. तपन सिन्हांचा १९९०चा तो चित्रपट याच हकिकतीवरून सुचलेला. त्यात पंकज कपूरने केलेला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो, एवढा बदल.

आता हर्षाकडे येऊ. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात ती जन्मली. महानगरपालिकेच्या या रुग्णालयातल्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी हे काम मिळून केलं. प्रत्येक पायरीची नोंद ठेवलेली, प्रसिद्ध केलेली. म्हणूनच पुस्तकांत हर्षाचं नाव आलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. साध्या पालिका रुग्णालयात हे उभं करणाऱ्या हिंदुजांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये.

पण या हकिकतीतला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग १९९७चा आहे. आनंदकुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले, तिथे मुखर्जींची हस्तलिखित टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले आणि त्यांची खात्री पटली. मग ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी जाहीर केलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखर्जी आहेत. म्हणजे ‘पहिला’ हा मान त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिला. ती टिपणं बाजूला सरकवली असती तर त्यांना कुणीही जाब विचारला नसता. मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मुखर्जींना न्याय मिळाला तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रामाणिकपणामुळे. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही त्यांचं काम मान्य केलं. पंचविशीतली दुर्गाही लोकांसमोर आली आणि तिने आपली ओळख उघड सांगितली.

याच कामासाठी इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१०मध्ये नोबेल मिळालं. मुखर्जींप्रमाणेच स्टेप्टो आणि त्या दोघांच्या तिसऱ्या भागीदार जीन पर्डी तोवर हयात नव्हते, आणि नोबेल मरणोत्तर दिलं जात नाही.

परीक्षेत प्रश्न नीट वाचा. ‘शास्त्रीय नोंद असलेली पहिली’ असं विचारलं असेल तर उत्तर हर्षा. नुसतं ‘पहिली’ विचारलं आणि पर्यायांत दुर्गा असेल, तर तिच्यावर खूण करा. आणि अशी पुस्तकं छापणाऱ्यांना माझी विनंती आहे : पुढच्या आवृत्तीत हर्षाच्या वर एक ओळ घाला. दुर्गा, कोलकाता, ३ ऑक्टोबर १९७८, डॉ. सुभाष मुखर्जी.