एलएफटी पाहिल्याशिवाय पुढचा डोस नको

माझा मूत्रपिंडाचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत पसरल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी किमोऐवजी इम्युनोथेरपी सुचवली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. केस जाणार नाहीत, उलट्यांनी जीव नकोसा होणार नाही, आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरशी झुंजेल. त्यातलं बरंचसं खरंही ठरलं. पण झुंजायला मोकळी सोडलेली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटू शकते, ही गोष्ट त्या आनंदात मागे पडते.

शरीरात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना आवर घालणारे ब्रेक मुळातच असतात आणि कॅन्सर त्यांचाच फायदा घेऊन वाढतो. हे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करता येतात, या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. मला दिलेली इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधं नेमकं तेच काम करतात. दोन्ही एकत्र दिली की यकृताला सूज येण्याचा धोका एकट्या निवोलुमॅबपेक्षा बराच वाढतो. ही सूज बहुधा पहिल्या दीड ते तीन महिन्यांत येते, मात्र औषध बंद झाल्यावरही येऊ शकते. कित्येकांना त्रास काहीच जाणवत नाही, फक्त एलएफटीच्या, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टमध्ये आकडे चढलेले दिसतात.

मला त्रास जाणवला. तिसऱ्या डोसनंतर अन्नावरची वासनाच उडाली, लघवी गडद झाली, उठून चहा करायचंही बळ राहिलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. फार तर चाळिशीपर्यंत असायला हवं ते यकृताचं एन्झाइम, एसजीपीटी, 480 वर गेलं होतं. पावसाळा होता, गावात दूषित पाण्याची कावीळ होतीच. त्यांनी साधी कावीळ ठरवून लिव्हर टॉनिक आणि विश्रांती लिहून दिली. कॅन्सरची फाइल टेबलावर होती, ती उघडली गेली नाही.

मग घरचे उपाय पुढे आले. धाकट्या जाऊबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या, कुणी उसाचा रस आणला. भावजी म्हणाले, “वहिनी, पलीकडच्या गावात कावीळ उतरवतात, नाकात दोन थेंब घालतात, बघू या एकदा.” सगळ्यांची माया खरी होती. पण आमच्या ह्यांनी कुणाचं काही चालू दिलं नाही. आधी इम्युनोच्या डॉक्टरांना विचारू, मग काय ते, असं म्हणून त्यांनी डे-केअरच्या सिस्टरांना फोन लावला. सिस्टरांनी आकडा ऐकला आणि त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं.

तिथे ए, बी, सी आणि ई या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, पित्तनलिकेत अडथळा किंवा यकृतात गाठ आहे का हे सोनोग्राफीत पाहिलं. स्नायूंना सूज आली तरी एसजीओटी आणि एसजीपीटी वाढतात, म्हणून स्नायूंचं सीपीके हे एन्झाइमही पाहिलं. पॅरासिटामॉल किती घेतलं, कुठला काढा घेतला का, हे खोदून विचारलं. ही प्रतिकारशक्तीनेच आणलेली सूज आहे हे दिसू लागताच स्टिरॉइड शिरेतून सुरू झालं, नंतर गोळ्यांवर आलं. टॉनिकने ही सूज उतरत नाही, चवताळलेली प्रतिकारशक्तीच शांत करावी लागते.

साधारण हिशोब असा असतो: एसजीपीटीचा आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल तर बहुधा डोस चालू ठेवून तपासण्या वाढवतात. तीन ते पाच पट असेल तर डोस थांबवतात. पाचपटीच्या वर स्टिरॉइड लागतंच, रुग्णाच्या वजनाप्रमाणे, किलोमागे रोज एक ते दोन मिलिग्रॅम. आकडे उतरले नाहीत तर प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट देतात. माझा आकडा बारापट होता.

गुळवेलीबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण आपल्याकडे ती दारात असते आणि औषध म्हणून कुणाला तिची शंका येत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती इजाही प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यासारखीच होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती. तो वाद बाजूला ठेवला, तरी जिची प्रतिकारशक्ती आधीच उधळली आहे तिने ती ‘वाढवणारं’ काही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

उसाच्या रसाचं तसंच. स्टिरॉइडवर रक्तातली साखर चढते. मधुमेह नसलेल्या मलाही साखर रोज तपासावी लागली. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका. डोस आठवड्यागणिक उतरवतात, त्याला महिना-दीड महिना लागतो. घाई केली तर सूज परतते. सोबत दिलेली जंतुसंसर्ग टाळण्याची गोळी आणि कॅल्शियमही चुकवू नका.

स्टिरॉइडने कॅन्सरवरचा परिणाम पुसला जाईल का, ही भीती मलाही होती. पण इम्युनोथेरपीच्या औषधांचा असर शरीरात महिनोन्‌महिने राहतो, डोस थांबला म्हणजे लढाई थांबली असं नाही. माझं इपिलिमुमॅब बंद झालं, पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या नव्हत्या.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी टाटा मेमोरियलच्या अभ्यासानंतर 20 मिलिग्रॅम इतक्या कमी डोसचं निवोलुमॅबही आता दिलं जातं. डोस कमी म्हणून तपासणी टाळू नका. प्रत्येक डोसआधी एलएफटी करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्यावरच सलाइन लावू द्या. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन. सर्दीसाठी गेलात तरी ती आधी दाखवा, आणि उपचार संपून वर्ष झालं तरी ती पाकिटातून काढू नका.