कॉट, क्रिब आणि पाळणा : मुखेडकडच्या नव्या आईबापांसाठी

मुखेडात कॉट म्हणजे मोठ्या माणसाची लोखंडी खाट. आजोबा दुपारी पडतात ती, पाहुणा आला की ओसरीत टाकतात ती. लंडन-मेलबर्नमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग, आणि त्यालाच अमेरिकेत क्रिब म्हणतात. अमेरिकेतल्या हॉटेलात कुणी बाळासाठी कॉट मागितली, तर बहुधा मोठ्या माणसाची घडीची खाट येते. देगलूरच्या एका जावईबापूंनी सहा महिन्यांच्या लेकराला घेऊन रात्री अकरा वाजता हा अनुभव घेतला आणि मग स्वतःच त्या खाटेवर झोपले.

मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यातून बाहेर पडून डॅलस, टोरांटो, लंडन, मेलबर्नकडे स्थिरावलेल्या काही कुटुंबांना एवढंच विचारलं होतं : पहिल्या लेकराच्या झोपण्याची सोय कशी केली आणि त्यात काय चुकलं? उत्तरं आली ती ज्याच्या त्याच्या स्वभावानुसार. कुणी सेंटिमीटर पाठवले, कुणी संताप, कुणी संस्कार. जुळ्यांच्या आईबापांनी काहीच पाठवलं नाही. त्यांना वेळ कुठून मिळणार! कारसीटबद्दल फक्त एक ओळ आली, पण ती खरी आहे : अमेरिकेत क्रिब चार दिवस उशिरा आली तरी चालते, कारसीटशिवाय मात्र बाळाला दवाखान्यातून गाडीने घरी आणता येत नाही.

सगळ्यात नेटकं टिपण डॅलसहून आलं. लिहिणारे नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकीत शिकलेले, आणि ते लिहिण्यावरूनही कळतं. त्यांचं म्हणणं असं. आधी दाराची रुंदी मोजा, मग क्रिब निवडा. तिकडे पूर्ण मापाच्या क्रिबची आतली जागा सुमारे ७१ बाय १३३ सेंटिमीटर असते आणि एका खोलीत जोडलेली क्रिब पुष्कळदा दुसऱ्या खोलीच्या दारातून जात नाही. जिथे ठेवायची तिथेच जोडा. दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको; मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा डबा आडवा धरून पाहा, तो गजांमधून आरपार गेला तर क्रिब परत करा. गादी घट्ट हवी, दाबली तर लगेच वर यावी. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली, तर ती गादी त्या क्रिबची नव्हेच. खिडकीपासून, पडद्यांच्या दोऱ्यांपासून आणि हीटरपासून लांब ठेवा. बाळ बसायला लागलं की गादीची पातळी खाली घ्या, उभं राहण्याआधी सगळ्यात खाली. एवढं लिहून त्यांनी सही केली आहे. नमस्कारसुद्धा नाही.

जुनी क्रिब घेण्याचा मोह मात्र सगळ्यांना होतो. कुणीतरी ओळखीचं गाव सोडतं, फुकट देतं, आणि मराठवाड्यातल्या माणसाला फुकट मिळालेलं लाकूड नाकारणं जिवावर येतं. इथे एक तारीख लक्षात ठेवावी : २८ जून २०११. एक बाजू वरखाली सरकणाऱ्या क्रिबची विक्री अमेरिकेत त्या दिवसापासून बंद झाली. आईला वाकावं लागू नये म्हणून ती सोय होती. पण सरकत्या बाजूची प्लॅस्टिकची कडी तुटायची, बाजू एका कोपऱ्यात सुटायची आणि तयार झालेल्या खाचेत बाळ अडकायचं. कित्येक बाळं अशी दगावली. कॅनडाने २०१६च्या अखेरीस तसाच नियम केला. त्यामुळे २०११च्या आधीची क्रिब कितीही शिसवीसारखी चमकत असली तरी घरात आणू नये, आणि आपली झाली म्हणून पुढच्या मराठी कुटुंबालाही देऊ नये.

नव्या क्रिबबरोबर एक नोंदणीचं पोस्टकार्ड येतं. बहुतेक जण ते खोक्यासोबत टाकून देतात. त्या कार्डामागे एक गोष्ट आहे. १९९८मध्ये शिकागोत सोळा महिन्यांचा एक मुलगा सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी घडीच्या क्रिबमध्ये दगावला. ती क्रिब धोकादायक म्हणून पाच वर्षांपूर्वीच बाजारातून परत मागवलेली होती; त्या घरापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. पुढे २००८च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाचं कलम आलं आणि बाळाच्या टिकाऊ वस्तूंसोबत असं कार्ड देणं उत्पादकांना बंधनकारक झालं. कार्ड भरायला दोन मिनिटं लागतात.

आता मेलबर्नचं पत्र. लिहिणाऱ्यांनी ते चार पानांचं पाठवलं. त्यातली अडीच पानं इथे छापण्यासारखी नाहीत.

झालं असं की मुलीच्या बाळंतपणाची बातमी कळताच मुखेडजवळच्या गावी आजोबांनी किनवटचं सागवान आणवून पाळणा करवून घेतला. जुन्या माळवदाच्या घरात तुळईला पाळण्याच्या कड्या होत्या, तिथेच घरातल्या तीन पिढ्या झुलल्या. नातवाला दुकानातली खाट कशी चालेल? पाळण्याला ओरखडा येऊ नये म्हणून सुताराने त्याच्याभोवती कडबा भरला, बाहेरून फळ्या ठोकल्या आणि तो घरसामानाबरोबर जहाजाने रवाना झाला. ऑस्ट्रेलियात लाकूड, बी-बियाणं, गवत, साल या सगळ्याची जैवसुरक्षा म्हणून कसून तपासणी होते. पेटी उघडली. कडबा निघाला. बाहेरच्या फळ्यांवर प्रक्रिया केल्याचा गव्हाच्या लोंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का नव्हता. पाळण्याच्या एका खुरात टाचणीएवढी दोन भोकं आणि खाली चिमूटभर भुकटी. मग पर्याय तीन : स्वतःच्या खर्चाने धुरीकरण, स्वतःच्या खर्चाने परत पाठवणी, नाहीतर स्वतःच्या खर्चाने नाश. दरम्यान गोदामाचं भाडं दिवसागणिक चालू. एजंट म्हणे कार्यालयाला विचारा, कार्यालय म्हणे एजंटला. एका अर्जात वस्तूचं नाव ‘फर्निचर’ तर दुसऱ्यात ‘धार्मिक वस्तू’ पडलं, आणि त्या फरकाचा खुलासा देण्यात तीन आठवडे गेले. आजोबा रोज फोनवर विचारायचे, ‘पाळणा उतरला का?’ आणि मुलगी म्हणायची, ‘येऊलालाय बाबा.’

पाळणा सुटला तेव्हा नातू कठड्याला धरून उभा राहत होता. सध्या त्यात खेळणी असतात.

याच घरात आजीबाई विमानाने येताना मोहरीची उशी घेऊन आल्या. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे ती घरोघर शिवतात. आजींनी विमानतळावरच्या फॉर्मवर बिया असल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं होतं म्हणून दंड वाचला. उशी मात्र तिथेच राहिली. लपवली असती तर दंड जबर होता. खरं सांगायचं तर ती राहिली ते बरंच झालं. डोक्याला आकार देणाऱ्या उशा बाळासाठी वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिला आहे. मान न धरलेलं बाळ उशीवरून घरंगळलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना समोर बसून त्याला थोडा वेळ पालथं ठेवायचं, एवढा उपाय पुरतो.

मुद्दा खरं तर इथेच येतो. क्रिब पैसे टाकले की मिळते, तपासून घेता येते. ती रिकामी ठेवणं अवघड जातं. आपल्याकडे बाळाची जागा म्हणजे खाली वाकळ, वर दुपटं, कडेने लोड, डोक्याला कुंची, उशाशी चाकू नाहीतर अडकित्ता. परदेशातले डॉक्टर म्हणतात : सपाट घट्ट गादी, ताणून बसवलेली एक चादर, त्यावर पाठीवर झोपलेलं बाळ, आणखी काही नाही. पाठीवर झोपवणं आपल्या बायकांना नवं नाही. तिकडेच पूर्वी पालथं झोपवायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण अमेरिकेत दहाएक वर्षांत निम्म्यावर आलं. कठड्याला बांधायच्या मऊ गाद्या, ज्यांना बंपर म्हणतात, त्यांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२च्या कायद्याने बंदी घातली. दहा अंशांपेक्षा जास्त उताराच्या झोपायच्या खुर्च्याही त्याच कायद्याने गेल्या. भारतातून येणाऱ्या ‘बेबी बेडिंग सेट’मध्ये मात्र उशी, लोड आणि बंपर हौसेने घातलेले असतात. तो सेट फोटोपुरता वापरावा.

पांघरुणाचं काय, हा प्रश्न लंडनच्या पत्रात आहे. उदगीरची सून, पहिलं बाळंतपण जानेवारीत, आणि मदतीला आलेल्या आईला शेकशेगडीशिवाय बाळंतीण ही कल्पनाच असह्य. तिथल्या परिचारिका खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवायला सांगतात. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला १८ अंशांत स्वेटर आठवतो, म्हणून आईंनी बाळाला दोन झबली, लोकरी टोपडं आणि वर गोधडी घातली. बाळ लालबुंद झालं. घरात टोपी नको, कारण तान्ही बाळं डोक्यावाटेच अंगातली उष्णता बाहेर टाकतात. गोधडीऐवजी अंगात घालायची झोपपिशवी मिळते, तिला हात बाहेर असतात आणि ती तोंडावर येत नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळणं सुरुवातीला चालतं. बाळ कुशीवर वळायला धडपडू लागलं की ते बंद. आणि वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची असेल तर आधी छतावरचा धुराचा भोंगा आठवा. या घरात तो दोनदा वाजला, दुसऱ्यांदा सगळी इमारत बर्फात उभी होती.

गळ्यातला काळा दोरा आणि ताईत यांवर पत्रांमध्ये मतभेद आहेत. टोरांटोच्या एका काकू म्हणतात, दृष्ट देश बघून लागत नाही. लागत नसेलही, पण झोपताना गळ्यात काही नको, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. करदोट्याला तशी हरकत नाही. काजळाचंही पाहावं. बाजारातल्या काजळात शिसं सापडलेलं आहे आणि अमेरिकेत ते आणायला मनाई आहे. तीट लावायचीच तर तळपायाला लावण्याबद्दल सगळ्यांची तडजोड झालेली दिसते.

याच काकूंचं पत्र सर्वात लांब. अहमदपूरला तीस वर्षं शिक्षिका होत्या, त्यामुळे पत्राला परिच्छेदांऐवजी मुद्दे आहेत. क्रिब पाहून त्यांनी सुनेला पहिला प्रश्न केला, ‘लेकराला कामून ठिवलंस गं पिंजऱ्यात?’ त्यांच्या मते पाळण्याशिवाय लेकरू म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, पाळणागीत हीच मातृभाषेची पहिली शाळा, आणि आईबाप आपसात इंग्रजी बोलत असतील तर शनिवार-रविवारच्या मराठी शाळेचा उपयोग शून्य. त्या फार कडक बोलतात. पण त्यांनी केलेली एक गोष्ट पुष्कळांना उपयोगी पडेल : पाळण्याचा हट्ट सोडून त्या क्रिबशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि गायल्या. माहेर मुखेडचं असल्यामुळे त्यांच्या अंगाईत मराठी जोजो, कन्नड जोगुळ आणि तेलुगू लाली एकत्र असतात. नातवाला झोप येते. पांगुळगाड्याचं पार्सल मागवण्याआधीही त्यांनी चौकशी केली, हे बरं केलं. बाळाला आत बसवून पायाने ढकलायच्या वॉकरची विक्री आणि आयात कॅनडात २००४पासून बंद आहे. धरून ढकलायचा आपला लाकडी तीनचाकी गाडा त्यात येत नाही.

आईच्या कुशीत, त्याच गादीवर बाळ झोपवावं का? इथे देशागणिक सल्ला बदलतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, निदान सहा महिने खोली एकच, पण जागा वेगळी. ब्रिटनमध्ये कुशीत घेणाऱ्यांना काय टाळायचं ते समजावतात, आणि सोफ्यावर बाळ घेऊन कधीच झोपू नका, असं ठासून सांगतात. पत्र लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कबूल केलं की डॉक्टरने विचारलं तेव्हा ‘क्रिबमध्येच झोपतो’ असं सांगितलं आणि घरी वेगळं चाललं होतं. हे खोटं कुणाच्या फायद्याचं नाही. मोठ्या पलंगाला लागून ठेवायची, एक बाजू उघडी असलेली छोटी खाट मिळते. लंडनच्या सुनेने तीच घेतली, पहिल्या पाच-सहा महिन्यांसाठी.

बारशाला मात्र पाळणा हवाच. भाड्याच्या घरात छताला कडी ठोकू नये. वर बहुतेक ठिकाणी जिप्समचा पत्रा असतो, तुळई नसते, आणि अनामत रक्कम जाते ती वेगळी. बहुतेकांनी क्रिबलाच झेंडूच्या माळा लावल्या, चिमण्या टांगल्या, आत्याने कानात कुर्र केलं. बाळाच्या आधी पाळण्यातून फिरवायला वरवंटा नव्हता तेव्हा डॅलसला मिक्सरचं भांडं कुंची घालून फिरवलं, मेलबर्नला लाटणं. घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे गेले, की त्याच रात्री माळा, चिमण्या, दुपटी सगळं बाहेर काढायचं. चिमण्या पुढे टांगायच्याच असतील तर हाताला न येण्याइतक्या उंच, आणि बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की त्याही काढायच्या.

डॅलसच्या इंजिनिअरांनी नंतर ताजा कलम पाठवला. क्रिबबरोबर आलेली षटकोनी किल्ली एका पाकिटात घालून गादीखालच्या चौकटीला बाहेरून टेपने पक्की चिकटवा. पाचव्या-सहाव्या महिन्यात गादी खाली घ्यायच्या वेळी ती हमखास सापडत नाही, आणि तोवर बाळ कठडा धरून उभं असतं.