डिस्प्ले येत नाही, म्हणजे प्रोसेसर गेला असं नव्हे

१. पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' म्हणतो. ओव्हरक्लॉक सेव्ह करून रीस्टार्ट केल्यावर हे झालं असेल, तर प्रोसेसर बहुधा शाबूत असतो. वेग झेपला नाही की त्याची गणितं चुकतात आणि तो सुरुवातीलाच अडकतो. खरं नुकसान करतं ते वाढीव व्होल्टेज. म्हणून कोणी मशीन घेऊन आलं, की माझा पहिला प्रश्न असतो : व्होल्टेज किती दिलं होतं?

२. एक कॉलेजचा मुलगा रायझन ५ ३६०० घेऊन आला होता. सगळे कोअर ४.४ गिगाहर्ट्झवर आणि त्याच बैठकीत रॅमही ३८०० वर. दुकानात त्याला 'प्रोसेसर उडाला, नवा घ्या' असं सांगितलं होतं. मला याची फार चीड येते, कारण ते पैसे घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले असतात. बऱ्याच बोर्डांच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. त्याच्या बोर्डावर डीरॅमचा दिवा लागून राहिला होता. अडलं होतं रॅमपाशी. सेटिंग पुसल्याबरोबर मशीन सुरू झालं. कॅबिनेट उघडलंत की आधी हे दिवे बघा.

३. सेटिंग पुसायचं म्हणजे सीमॉस क्लिअर करायचं. इथे घाई नको. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा आणि पॉवर केबल काढा. केबल लागलेली असेपर्यंत मशीन बंद दिसलं, तरी बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जाईल. आता जंपर शोधा. एसुसच्या बोर्डांवर तो 'सीएलआरटीसी', एमएसआयवर 'जेबॅट१', गिगाबाइटवर 'सीएलआर_सीमॉस' अशा नावाने असतो. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना काही सेकंद टेकवलं की पुरे; पण आधी मॅन्युअल काढून पिना त्याच आहेत याची खात्री करा. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढूनही काम होतं, पण तो बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. शिवाय काही नव्या बोर्डांत सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतं, तिथे नुसता सेल काढून भागत नाही. मी जंपरवरच भर देतो.

४. नंतर मशीन चालू करा आणि हात लावू नका. डीडीआर५ रॅम असेल तर बोर्ड तिची नव्याने जुळणी करतो आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. 'अजून येत नाही' म्हणून मध्येच बटण दाबलं, की जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

५. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना? नावात 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरला आणि वर सांगितलेल्या ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. तिथे बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीही दिसणार नाही.

६. एवढं करूनही अंधारच असेल तर रॅमची एकच पट्टी ठेवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये. त्यानेही हललं नाही आणि बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल, तर पेनड्राइव्हवरून बायोस नव्याने भरता येतो, डिस्प्लेशिवाय. फाइलचं नाव बोर्डाला हवं तेच द्या आणि काम संपेपर्यंत वीज जाऊ देऊ नका. आपल्याकडे त्यासाठी यूपीएस लावूनच बसावं.

७. डिस्प्ले आला की लगेच विंडोजकडे धावू नका. सीमॉसबरोबर तारीख, बूटचा क्रम, स्टोरेजचा मोड हेही मूळपदावर गेलेलं असतं. आधी रेड होतं आणि आता एएचसीआय झालं, तर विंडोज उघडणारच नाही. टीपीएमचं सेटिंग बदललं तर बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ती की ओव्हरक्लॉकला हात घालण्याआधीच कागदावर लिहिलेली हवी.

८. पुन्हा प्रयत्न जरूर करा, या छंदातून बरंच शिकायला मिळतं. मात्र प्रोसेसर आणि रॅम एका दिवशी नको. एक गोष्ट वाढवा, तासभर स्ट्रेस टेस्ट चालवा, तापमान बघा आणि मगच पुढचं. चालू असलेल्या सेटिंगचे फोटो आधी मोबाइलवर काढा. बऱ्याच बोर्डांत बायोसमध्ये एफ१२ दाबलं, की पडद्याचं चित्र थेट पेनड्राइव्हवर सेव्ह होतं.