वाकळीतला ठसका

२०१० च्या जुलैत बाभळी बंधाऱ्याच्या वादात चंद्राबाबू नायडूंना अटक करून आमच्या धर्माबादेत ठेवलं होतं. गावभर पोलीस होते. त्याच पावसाळ्यात माझी माय गेली. मी पंधरा वर्षांचा होतो. दीड वर्षानं भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, दुसरं लग्न केलं. पुढं मी कुमारांसाठी एक भुताची गोष्ट लिहिली. ती लिहिताना जे उमगलं, ते इथं मांडतो.

१. आपलं माणूस आधी वासानं परत येतं.

माय मिरचीच्या आडतीवर देठ खुडायला जायची. संध्याकाळी घरी आली की बोटांची आग थांबावी म्हणून हाताला गोडंतेल चोळायची. तिच्या लुगड्यात मिरचीची धूळ बसलेली असायची. त्याच जुन्या लुगड्यांची वाकळ मी पांघरायचो. ती गेल्यावर, भर पावसाळ्यात, घरात मिरचीचं बोटुक नसताना मध्यरात्री मला ठसका लागायचा. माय आली, असंच मला वाटायचं. भीती कधी वाटली नाही. उलट मी ठसक्याची वाट पाहत जागा राहायचो.

२. भूत घालवायची गोष्ट अशा पोराच्या कामाची नसते.

त्या वर्षी मी नारायण धारपांची पुस्तकं एकामागून एक वाचली. त्यांच्या कथांतले समर्थ आले की अमंगळ शक्ती हटते आणि वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मला मात्र धडकी भरायची. आमच्या घरी कुणी समर्थ आले, तर ते मायलाच घालवतील! रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हाती लागल्या तेव्हा जरा बरं वाटलं. तिथलं भय पुष्कळदा माणसाच्या मनातूनच उगवतं, आणि मनातल्याला मांत्रिक काय करणार?

३. घरात काय बदलणार आहे, ते लेकराला घरच्यानंच सांगावं.

भाऊंच्या लग्नाचं मला शेजारच्या तेलुगू अक्कांकडून कळलं. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल. भाऊंना मी दोष देत नाही, त्यांना शब्द सापडले नसतील. पण ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते.

४. नव्या माणसाचंही भुताशी काही नातं असतं.

भाऊंच्या नव्या बायकोला मी मावशी म्हणतो. ती बासरकडची, गोदावरीकाठची. लग्नात आजीनं तिच्या गळ्यात चांदीचा लहानसा टाक घातला. पहिल्या बायकोच्या नावाचा हा टाक दुसरीनं घालायचा. घरातल्या बाया त्याला ‘सवत’ म्हणायच्या. मला तो शब्द आवडायचा नाही.

आल्या आठवड्यातच मावशीनं वाकळ धुतली. कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. पण त्या रात्री ठसका लागला नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. माय दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला कुणी नेली ते मला दिसत होतं. मी मावशीशी बोलणं सोडलं. भाद्रपद आला तरी अबोला सुटला नव्हता.

पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध असतं. मावशीनं गळ्यातला टाक काढला, पाटावर ठेवला, पुढं पान वाढलं. मी दाराआड होतो. ती टाकाशी बोलत होती. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “अक्का, तुझं लेकरू माझ्यासंगं बोलत न्हाई. मी काय चुकले, तूच सांग गं.”

दोन वर्षं मी मायला हाका मारत होतो. तिच्याशी दुसरंही कुणी बोलत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवशी मी आपण होऊन मावशीला पाणी मागितलं. तेवढंच. वाकळीचं सांगायला आणखी वर्ष लागलं. ऐकल्यावर ती काही बोलली नाही, उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

५. शेवट गोड करायची घाई करू नये.

माझ्या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात भूत निरोप घेऊन निघून जायचं आणि पोरगं नव्या आईच्या कुशीत शिरायचं. वाचून माझा मलाच राग आला. असं काही घडलं नव्हतं. ते पान मी फाडलं. आता गोष्टीतली आई घरातच राहते. तिला एक पाट मिळतो, वर्षातून एक पान मिळतं, आणि नवी बाई तिच्याशी घरातलं बरंवाईट बोलते. पोरगं दाराआडून ऐकतं, कधी आत येतं, कधी येत नाही.

मावशीला तेलुगू वाचता येतं, मराठी अक्षरं जड जातात. म्हणून गोष्ट मीच तिला वाचून दाखवली. ती सूप मांडीवर घेऊन मिरच्या निवडत होती. वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प राहिली. गळ्यातला टाक चाचपला. मग म्हणाली, “त्या माईला देठं खुडता येत न्हाईत बघ. तू लिवलाय तसं वढलं तर मिरची फुटते, बी सांडतंय.” तिनं सुपातली एक मिरची उचलली आणि देठ कसा मोडायचा ते मला दाखवलं. तेवढ्यात आम्हा दोघांनाही ठसका लागला.